उधाणात बोट न नेल्याबद्दल कापलेला दंड परत मिळण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : समुद्र खवळलेला असताना गळाच्या मासेमारीच्या दोन फेऱ्या रद्द केल्याबद्दल कापलेली रक्कम परत करण्याबाबत आणि आपला रद्द करण्याचा नियम बदलण्याबाबत

महोदय,

देवबागहून आम्ही पाहुण्यांना गळाच्या मासेमारीसाठी समुद्रात नेतो. बोट माझ्या नावावर आहे, तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, माझे दीर आहेत आणि खलाशी माझा मुलगा. बुकिंग आपल्या अ‍ॅपवरून येतं. त्यासाठी आम्ही वर्षाची नोंदणी फी आणि दर फेरीमागे कमिशन देतो. दसऱ्याला जोडून आलेल्या सुट्टीत आम्ही लागोपाठ दोन फेऱ्या रद्द केल्या. त्यावर आपण दोन्ही भाड्यांच्या ३० टक्के रक्कम दंड म्हणून आमच्या पुढच्या हिशेबातून वळती केलीत, आमच्या पानावर ‘मालकाने ऐनवेळी रद्द केले’ असा शेरा टाकलात आणि दिवाळीच्या तोंडावर आमचं नाव यादीत खाली ढकललंत. पैसे परत हवेत, शेरा काढायला हवा. पण नुसते पैसे परत करून नियम तसाच ठेवलात तर माझी तक्रार मिटणार नाही.

त्या दिवसांत अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र होतं. हवामान खात्याने मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा दिला होता आणि बंदरावर धोक्याची सूचना देणारा तीन नंबरचा बावटा लागला होता. समुद्राच्या स्थितीचा अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा उंच लाटांचा इशाराही आला होता. हे सगळं मी आदल्या दिवशी संध्याकाळीच आपल्याला पाठवलं. उत्तर आलं की आमच्याकडे मालवणचं हवामान ‘अंशतः ढगाळ, पाऊस नाही’ असं दिसतं, म्हणून हवामानाचं कारण मान्य होत नाही.

पावसाचा इथे संबंधच नाही. रिपरिप पावसात आम्ही बोट नेतो, कधीकधी मासाही चांगला लागतो. भीती असते ती वाऱ्याची आणि लाटेची. वादळ दूर खोल समुद्रात असलं तरी तिथून सुटलेल्या लांब लाटा शेकडो किलोमीटर चालत किनाऱ्यापर्यंत येतात. अशा सकाळी इथे लख्ख ऊन असतं, माडाचं चुडतही हलत नसतं आणि कर्ली खाडीच्या मुखावर मात्र लाटा फुटत असतात. ओहोटी लागली की खाडीचं पाणी जोरात बाहेर पडतं, समोरून समुद्राची लाट येते, आणि दोन्ही भिडतात तिथे खालच्या वाळूमुळे लाट उभीच राहते. आमच्या बोटीला बाहेर पडायला आणि परत यायला वाट तीच. सकाळी भरतीला बाहेर पडता येतं हो, पण दुपारी ओहोटीत पाहुण्यांना घेऊन परत त्याच मुखातून आत यायचं असतं. मागून लाटेने बोट उचलली की पंखा पाण्याबाहेर येतो आणि इंजिनाची पकड सुटते. तेवढ्या वेळात बोट आडवी झाली तर तांडेलाच्या हातात काही राहत नाही.

गळाच्या मासेमारीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या कार्यालयात कुणाला माहीत असावी असं मला वाटत नाही. निवतीजवळच्या समुद्रातल्या खडकांकडे जिग, म्हणजे माशासारखं दिसणारं धातूचं आमिष, टाकायचं तर इंजिन बंद करून बोट वाऱ्यावर सोडावी लागते. सुटलेली बोट लाटेला आडवी होते. त्यात एकाला सुरमई किंवा गोब्रा लागला की सगळे त्याच बाजूला धावतात. शांत समुद्रात हे चालतं. उधाणात एका बाजूला सहा माणसं, पायाखाली ओली फळी, दोऱ्यांना तीन तोंडांचे गळ, आणि निम्म्या लोकांना बोट लागलेली, ते ओकाऱ्या काढतायत. लाइफ जॅकेट आम्ही सगळ्यांना घालतोच, पण जॅकेटमुळे बोट उलटायची थांबत नाही.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर सुचवलं की “मुखाबाहेर थोडं नेऊन परत आणा, म्हणजे फेरी झाली असं धरता येईल.” हा सल्ला कंपनीच्या फोनवरून एखाद्या नवख्या बोटमालकाला दिला गेला तर तो ऐकेल, कारण त्याला बोटीचा हप्ता फेडायचा असतो. मला याचीच चिंता आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळ आलं तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गातले मच्छीमार समुद्रातच सापडले, कित्येक परत आले नाहीत. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. २६ मे ते ३१ ऑगस्ट जलपर्यटन बंद असतं, तेव्हा आपणही बुकिंग घेत नाही. पण वादळ तारखा बघून येत नाही. क्यार चक्रीवादळ २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आलं होतं, ऐन पर्यटनाच्या दिवसांत.

पाहुण्यांचे हालही आपल्या पद्धतीमुळेच झाले. फेरीच्या दोन तास आधीपर्यंत आपण त्यांचा नंबर आम्हाला दाखवत नाही. मला संध्याकाळीच कळवायचं होतं, ते जमलं नाही. माझा निरोप आपणही त्यांना दिला नाहीत. माणसं रात्रभर घाट उतरून कोल्हापूरहून आली आणि पहाटे धक्क्यावर येऊन उभी राहिली. त्यांचा राग रास्त होता. दीरांनी त्यांना खाडीत आतल्या बाजूला चोणकासाठी गळ टाकायला नेण्याची तयारी दाखवली, पाहुणे तयारही झाले, पण अ‍ॅपमध्ये फेरी बदलण्याची सोयच नाही. दुसऱ्या गटाला पुढची तारीख हवी होती, तीही देता आली नाही. ‘रद्द’ एवढा एकच पर्याय होता, आणि तो दाबला की दंड आमच्यावर.

माझी मागणी अशी आहे. दंड परत करावा, शेरा काढावा, यादीतली जागा पूर्ववत करावी. यापुढे हवामान खात्याचा किंवा इन्कॉइसचा इशारा, अथवा बंदरावरचा बावटा हे पुरेसं कारण मानावं. इशारा नसतानाही मुखावरचं पाणी बघून तांडेल ‘नको’ म्हणाला तर त्याला दंड लावू नये. त्याच्याइतकं ते पाणी दुसरं कुणी ओळखत नाही. पाहुण्यांचा नंबर आदल्या दिवशी दुपारी द्यावा, तारीख बदलण्याची सोय करावी.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणारी अट अन्याय्य करारात मोडते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं झालं नाही तर मी ग्राहक आयोगाकडे जाईन.

इशाऱ्यांच्या प्रती, बावट्याचा फोटो, आपल्याशी झालेला पत्रव्यवहार आणि कापलेल्या रकमेचा हिशेब सोबत जोडला आहे. दिवाळीच्या आठवड्यातली आमची बुकिंग सध्या आपल्याकडे आहेत. त्या दिवसांत बावटा लागला तर बोट किनाऱ्यावरच राहील, हे आजच कळवते, म्हणजे पाहुण्यांना वेळेवर निरोप देता येईल.

आपली,
नोंदणीकृत बोटमालक
देवबाग, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग