राखेच्या परिसरात आरोग्याचाही पंचनामा व्हावा

महोदय,

कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांच्या प्रदूषणाची चर्चा नागपुरात बहुधा चिमणीच्या धुरापाशीच थांबते. आरोग्याचा धोका मात्र विषारी द्रव्य माणसाच्या शरीरात किती, किती काळ आणि कोणत्या वाटेने जाते यावरून ठरतो. दगडी कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसे, पारा यांचे अंश असतात. उन्हाळ्यात सुकलेली राख वाऱ्याने उडून श्वासावाटे जाते, राखेच्या तलावातून झिरपणारे पाणी विहिरींपर्यंत पोहोचू शकते आणि शेतातली राख भाजीपाल्यावर बसते. हे सारे एकाच घरातल्या माणसांच्या वाट्याला येत असताना हवा, पाणी आणि आजार यांच्या नोंदी वेगवेगळ्या खात्यांत राहतात.

जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटून राख शेतांत आणि कोलार नदीत गेली. कोलार कन्हानला मिळते आणि कन्हानचे पाणी नागपूर पिते. त्यामुळे हा केवळ काठच्या गावांचा प्रश्न नाही. पीक बुडाले की पंचनामा होतो. माणसांच्या प्रकृतीचा पंचनामा करण्याची पद्धत आपल्याकडे नाही, ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते.

‘प्रदूषण मर्यादेत आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानता येणार नाही. पीएम २.५ या सूक्ष्म धूलिकणांची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ सुचवली आहे. शिवाय दमेकरी, गर्भवती आणि लहान मुलांना तीच हवा अधिक बाधते.

म्हणून कोराडीत ६६० मेगावॉटचे नवे संच सुरू करण्यापूर्वी परिसरातील गावांत स्वतंत्र आरोग्य सर्वेक्षण व्हावे. मुलांच्या रक्तातील शिसे आणि ग्रामस्थांच्या लघवीतील आर्सेनिक तपासावे, विहिरींचे पाणी पावसाळ्यापूर्वी व नंतर मोजावे आणि राखेपासून दूरच्या गावांशी तुलना करावी, कारण तुलनेवाचून आजाराचे कारण सांगणे कठीण आहे. ‘नीरी’ ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था १९५८ पासून याच शहरात आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही येथेच आहे. तज्ज्ञांसाठी बाहेर पाहण्याची गरज नाही. निष्कर्ष मराठीत, प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावेत.

राख ओली ठेवणे, तिची वाहतूक झाकलेल्या ट्रकमधूनच करणे आणि संशयास्पद विहिरींच्या गावांना नळाचे पाणी देणे, या कामांसाठी मात्र सर्वेक्षणाच्या अहवालाची वाट पाहू नये.

आपला नम्र,
एक वाचक, नागपूर