मालगुंडहून आई-बाबांना पत्र

मालगुंड, जि. रत्नागिरी

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आईने माझा आवाज का बसला आहे असे विचारले आणि तेवढ्यात रेंज गेली. पुन्हा फोन लावून चार वाक्यांत उरकण्यापेक्षा सविस्तर लिहावे असे ठरवले, कारण बाबांना हल्ली फोनवरचे नीट ऐकू येत नाही आणि आईला ऐकलेली गोष्ट दहा वेळा ताडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. तेव्हा सरळ सांगते. मला गुहागरला ताप आला होता. तो आता उतरला आहे. खोकला आणि अशक्तपणा आहे, म्हणून मालगुंडला एका कुटुंबाच्या घरी खोली घेऊन मी विश्रांती घेत आहे.

चिपळूणला गाडीतून उतरले तेव्हा प्रकृती उत्तम होती. गुहागरच्या एस.टी.त मात्र अंग कसकसू लागले आणि संध्याकाळी व्याडेश्वराच्या देवळाच्या पायऱ्या चढताना पाय जड झाले. आपण नागपूरची माणसे मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हातही बाजारहाट करून येतो, त्यामुळे ३३ अंशांचे काय एवढे, असे कोणालाही वाटेल. पण तिकडची हवा कोरडी असल्याने घाम आला की लगेच उडतो आणि त्यासोबत अंगातली उष्णताही निघून जाते. इथल्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो, कपडे ओले राहतात आणि शरीर थंड होत नाही. त्यात पाऊस नुकताच परतलेला, ऑक्टोबरचे ऊन, रात्री पंख्याखाली ओल्या अंगाने झोपणे आणि पाठीवर सॅक. निरोगी माणूसही यात थकतो.

अंगात ताप आहे हे कळताच दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांकडे गेले. पावसाळा संपताना किनाऱ्यावर डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस (दूषित पाण्या-चिखलातून, विशेषतः जखमेवाटे होणारा ताप) या दोन्हींचा विचार करावा लागतो, म्हणून त्यांनी मी कुठे कुठे चालले, पायाला जखम आहे का, शेतातल्या साचलेल्या पाण्यात किंवा चिखलात उतरले का, हे बारकाईने विचारले. भातकापणीचे दिवस आहेत आणि बांधावरून चालत जाण्याचा मोह इथे कोणालाही होतो. माझ्या पायांत बूट होते आणि जखम नव्हती. त्यांनी रक्त तपासायला पाठवले. डेंग्यूची एनएस१ चाचणी निगेटिव्ह आली, प्लेटलेट्स १ लाख ९० हजार आल्या, म्हणजे दीड लाखाच्या सामान्य मर्यादेच्या वर, आणि साधा विषाणूजन्य ताप असल्याचे त्यांनी सांगितले. रिपोर्ट येईपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरी कोणतीही वेदनाशामक गोळी घेऊ नये, हे त्यांनी दोनदा बजावले, कारण डेंग्यू असेल तर अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. आई, तू डब्यात अंगदुखीच्या ज्या गोळ्या घालून दिल्या होत्यास, त्यांना म्हणूनच हात लावला नाही. घरीही या दिवसांत कोणाला ताप आला तर आधी हे लक्षात ठेव.

खाण्यापिण्याची काळजी करू नकोस. ज्यांच्याकडे मी राहते त्या काकूंनी, मी काही न मागता, पहिल्या संध्याकाळी तांदळाची पेज आणून दिली. वाफाळणारी, मिठाची, वर तुपाचा एक थेंब आणि बाजूला भाजलेला पापड. मी अर्धी वाटी ठेवून दिली तर त्या दारातच उभ्या राहिल्या आणि वाटी रिकामी झाल्यावरच गेल्या. दुसऱ्या दिवशी कुळथाचे पिठले आणि मऊ भात होता. आपल्याकडच्या फोडणीच्या वरणाची आठवण आली, पण तोंडाला चव आणण्याचे काम कुळथाने चोख केले. पाणी उकळलेलेच पिते. घाम फार जातो म्हणून ओआरएसची पाकिटे जवळ ठेवली आहेत; पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ घालायचे, हे प्रमाण मी डायरीत लिहून ठेवले आहे. शहाळे तर दारातच मिळते.

ताप उतरल्यावरच गुहागर सोडले. हेदवीला दशभुजा गणपतीचे दर्शन घेतले, पण भरतीच्या वेळी खडकाच्या चिंचोळ्या फटीतून पाणी उसळते ती बामणघळ पाहायला उतरले नाही, कारण शेवाळलेल्या खडकांवर उतरण्याइतका पायांवर भरवसा वाटला नाही. पुढे तवसाळहून फेरीबोटीने शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगडला आले. बोटीत आधी ट्रक आणि गाड्या चढतात, मग आपण कठड्याला टेकून उभे राहायचे. खलाशाने माझी सॅक पाहून स्वतःची प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली आणि वाऱ्याकडे पाठ करून बसायला सांगितले. एवढ्या मोठ्या पात्रावरचा वारा किती दिवसांनी अंगाला सुखाचा वाटला! जयगडहून मालगुंडला येताना एस.टी.च्या कंडक्टरने सॅक ड्रायव्हरच्या मागे ठेवू दिली.

इथे केशवसुतांचे जन्मस्थान आहे, बाबा. शाळेत तुम्ही त्यांच्या कविता शिकवत आलात; १८६६ साली जन्मलेला हा कवी ज्या घरातला, तिथल्या ओसरीवर मी दुपारी बराच वेळ बसले होते. तुम्ही सोबत असायला हवे होते, असे मनापासून वाटले. चालायचे फारसे नाही आणि सावली भरपूर आहे, त्यामुळे थंडीत तुम्हां दोघांना इथे आणणे अवघड नाही.

जीन्स, शाल आणि जाड पुस्तके मी गुहागरहून पार्सलने नागपूरला पाठवली आहेत. या हवेत जीन्स दोन दिवस वाळत नाही आणि आजारी पाठीला ते ओझे झेपत नव्हते. पार्सल आधी पोहोचले तर घाबरून जाऊ नका.

आता तुम्हांला पडणाऱ्या प्रश्नाविषयी, म्हणजे मी परत का येत नाही याविषयी. ताप असताना प्रवास करणे चुकीचे, हे मला पूर्ण मान्य आहे आणि म्हणूनच मी थांबले. पण बरे होत असताना अंथरुण इथे आहे की धरमपेठेत आहे, याने शरीराला फारसा फरक पडत नाही. उलट नागपूरपर्यंतचा लांबचा रेल्वेप्रवास आत्ता अधिक त्रासाचा होईल. रत्नागिरीला पोहोचेपर्यंत पुन्हा ताप आला नाही आणि दोन वेळचे जेवण नीट जाऊ लागले, तर विजयदुर्ग आणि मालवण पाहीन. तसे झाले नाही, तर रत्नागिरीहूनच गाडीत बसेन. यात हट्ट नाही.

मी एवढे सगळे खरे लिहिले आहे ते एका मागणीसाठी. उन्हाळ्यात बाबांना चक्कर येत होती हे मला कळले ते शेजारच्या काकांकडून, तेही बाबा बरे झाल्यावर. आई, "तू दूर असतेस, उगाच काळजी कशाला" असे तू म्हणालीस. पण खरी काळजी वाटते ती न कळलेल्या गोष्टींची. तुमचे "सगळे ठीक आहे" ऐकून मी फोन ठेवते आणि मग त्या तीन शब्दांमागे काय असेल याचा रात्रभर विचार करते. तुमच्या मुलीला हे ओझे नको आहे, खरी बातमी हवी आहे. बाबा, रक्तदाबाच्या गोळीची वेळ चुकते का? चक्कर पुन्हा आली का? आईचा गुडघा जिना चढताना किती दुखतो? हे मला तसेच सांगा, जसे मी माझे सांगितले.

दसऱ्याला दीक्षाभूमीकडे असलेली गर्दी आता ओसरली असेल, तेव्हा रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे जाणे सोपे आहे. बाबांच्या रक्तदाबाची वही सोबत न्या आणि डॉक्टर त्या पानावर जे लिहितील त्याचा फोटो मला पाठवा. तपासणीची वेळ आजच घेऊन ठेवा. मी शुक्रवारी संध्याकाळी फोन करून विचारणार आहे.

तुमची लेक