आईचं नाव लागलं

निशिकासाई, टोकियो
22 जून 2025

प्रिय शालू,

दिवाळीपासून तुला एक अक्षर लिहिलं नाही. तू तीनदा फोन केलास. दोनदा मी उचलला नाही, तिसऱ्यांदा 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून ठेवून दिला. मीटिंग नव्हती गं. आधी राग होता, राग गेल्यावर लाज वाटत राहिली. त्याबद्दल लिहिते पुढं. पण गेल्या आठवड्यात एक गोष्ट झाली, ती अविला सांगून झाली तरी माझ्या पोटातच राहिली आहे. ती तुलाच कळेल.

आई 3 जूनला पोचली. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच, विम्यात तिचं नाव घालायचं काम माझ्या कंपनीकडून चाललंय. तू बांधून दिलेलं भडंग दोन दिवसांत संपलं, निम्मं एकट्या चिनूनं खाल्लं.

तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायला येणाऱ्याला इथं विमानतळावरच कार्ड देतात. त्यावर फोटो, नाव, मुदत सगळं असतं, पण पत्त्याच्या रकान्यात आईच्या कार्डावर छापलंय 'मितेई', म्हणजे अजून ठरलेलं नाही. कंसात लिहिलंय की नोंदणी झाल्यावर पत्ता मागच्या बाजूला लिहिला जाईल. गाडीत बसल्यावर आईनं त्या अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलंय? मी सांगितलं. तर म्हणाली, "म्हणजे तुम्ही अजून घर घेतलं नाही?" मी हसले, पण ती हसत नव्हती. सांगलीत पंचेचाळीस वर्षं एका दारात राहिलेली बाई, तिच्या फोटोशेजारी 'ठरलेलं नाही'.

नोंदणी वॉर्ड ऑफिसात करायची, राहायला आल्यापासून 14 दिवसांच्या आत. नाही केली तर दंड 2 लाख येनपर्यंत होऊ शकतो, आणि 90 दिवस उलटले तर परवानाच रद्द होऊ शकतो. मी नवव्या दिवशी रजा टाकून तिला घेऊन गेले. रांगेत तिला सांगितलं की योगेंद्र पुराणिक नावाचा आपला मराठी माणूस 2019 मध्ये याच एदोगावा वॉर्डात नगरसेवक म्हणून निवडून आला होता. तेव्हापासून ती प्रत्येक खिडकीकडं ओळखीचं कुणी दिसतंय का बघत होती.

नुसता पत्ता लिहून भागत नाही. कुटुंबप्रमुख परदेशी असला की घरात येणाऱ्या माणसाशी नातं काय, त्याचा कागद दाखवावा लागतो, जपानी भाषांतरासकट. म्हणजे पुन्हा माझा जन्मदाखला. मामाच्या ग्रामपंचायतीत तू ज्याच्यासाठी दोन खेपा मारल्यास, तोच. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नोंदवणाऱ्यानं माहेरचंच नाव लावलं, कुसुम. आईच्या पासपोर्टावर मंगल. लग्नाचा दाखला कधी काढलाच नव्हता आणि लग्नपत्रिका 2019 च्या पुरात ट्रंकेसकट गेली. तू मागं लागून प्रतिज्ञापत्र केलंस, राजपत्रात नाव छापून आणलंस, तेव्हा कुठं आईचा व्हिसा झाला. एवढं सगळं तू भांडणानंतर केलंस. शालू, माझ्याशी बोलणं बंद असताना तू माझ्या आईला स्कूटरवर मागं बसवून तहसीलला नेत होतीस.

दाखल्याचं भाषांतर मी स्वतः केलं. इथं ते चालतं, फक्त खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव लागतं. 'आईचे नाव' या रकान्यात जपानी अक्षरांत 'कुसुमु' लिहिलं, त्यांच्यात शेवटचा म मोडका लिहिता येत नाही. खाली माझी सही.

खिडकीत एक लहानशी मुलगी होती, आपल्या विनूहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. ती ओळीखाली बोट सरकवत दाखला वाचत गेली, थांबली, पासपोर्ट उघडला, परत दाखला बघितला. मग मला विचारायला म्हणून तिनं नाव मोठ्यानं वाचलं, "कुसुमु-सामा..."

आणि आईनं मागच्या खुर्चीवरून ओ दिली.

पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. स्वयंपाकघरातून द्यावी तशी तिनं मोठ्यानं "ओ" दिली आणि उठून उभी राहिली. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. शालू, बाबांनी तिला कधी त्या नावानं हाक मारली नाही. आजी गेली, मामा गेले, आणि शेवटी तुझ्या आईनंतर या जगात तिला कुसुम म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. कट्ट्यावरून काकींची "कुसे, चहा झाला का गं" आठवते ना? मला तिथं खिडकीत उभी असताना काकींचाच आवाज ऐकू आला. मी रडले. त्या मुलीला वाटलं, कागदात काही चुकलंय म्हणून मी घाबरले, ती बिचारी मलाच 'काळजी करू नका' म्हणायला लागली.

आई पुढं आली आणि मराठीत तिला सरळ सांगायला लागली, "लग्नात बदललं बाई. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहिलं." मी डोळे पुसत भाषांतर केलं. राजपत्राचा कागद पुढं केला. मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या समोरच्या कच्च्या कागदावर कुसुम आणि मंगल अशी दोन नावं लिहून पेन्सिलीनं दोन्हींच्या मधे रेघ ओढली. काम झालं. नोंदीत नाव पासपोर्टावरचंच, मंगल. कुटुंबप्रमुख मी, आणि नात्याच्या रकान्यात एकच अक्षर, 'आई'. सांगलीच्या रेशनकार्डावर तीच कुटुंबप्रमुख आहे. हे तिच्या लगेच लक्षात आलं. "इकडं मी तुझ्या नावाखाली का?" एवढंच म्हणाली. कार्ड परत मिळालं, मागं बारीक अक्षरांत पत्ता. पुढच्या बाजूचं 'ठरलेलं नाही' तसंच राहतं, ते पुसत नाहीत.

माझं मन तिथंच अडकलंय. तू दिवाळीत म्हणालीस, "तुला आई हवीय का चिनूसाठी बाई हवीय?" मी काय काय बोलले ते तुला पाठ असेल. पण खरं सांगू, ज्या नियमावर ती आलीय तो तसाच आहे. माझ्या प्रकारच्या व्हिसावर आईवडिलांना आणता येतं ते सात वर्षांखालच्या मुलाला सांभाळायला. तेही एकाच बाजूच्या आईवडिलांना. सासूबाईंनी ते मनाला लावून घेतलंय, अवि बोलत नाही पण मला कळतं. चिनू आत्ता चार वर्षांचा. तीन वर्षांनी काय? अडुसष्टाव्या वर्षी उपटून आणलेलं झाड एकाहत्तराव्या वर्षी पुन्हा उपटायचं? तिला मी हे अजून सांगितलेलं नाही. रोज रात्री ठरवते आणि सकाळी ती चिनूच्या डब्यात घडीची पोळी गुंडाळताना दिसते, मग धीर होत नाही. तू असतीस तर काय केलं असतंस? तू सरळ सांगितलं असतंस, माहितेय मला.

तू अजून एक म्हणाली होतीस, पुरात तिच्याबरोबर कोण होतं. तू होतीस. तुझ्या माडीवर चार रात्री. तेव्हा मला ते ऐकवलं नाही, कारण खरं होतं. मला माफ कर.

पुरावरून आठवलं. इथल्या वॉर्डानं 2019 मध्येच पुराचा नकाशा घरोघरी वाटला होता, त्याच्या मुखपृष्ठावर आमच्याच वॉर्डावर लिहिलंय, 'इथं राहू नका'. जवळजवळ सत्तर टक्के जमीन भरतीच्या पातळीच्या खाली आहे. घरी कपाटात तो होता, आईनं कचऱ्याचं वेळापत्रक शोधताना बाहेर काढला. रंग बघूनच ओळखलं तिनं. "इथंही पाणी येतं होय," म्हणाली, आणि मला वाटलं घाबरेल, तर त्या संध्याकाळी पहिल्यांदा आपणहून चिनूला घेऊन आराकावाच्या बांधावर फिरायला गेली. आता रोज जाते. पाणी किती चढलंय ते येऊन सांगते, आयर्विन पुलावरून बघून आल्यासारखं. परवा तिचा इथला ओळखीचा बारा आकडी सरकारी नंबर पोस्टानं आला, तर म्हणाली आधारही बाराच आकडी आहे, दोन्ही सांगलीच्या डबीत ठेव.

विनूचा बारावीचा निकाल लागून महिना उलटला आणि मी विचारलंही नाही. किती पडले, पुढं काय घेतोय? भावजींची बदली टळली का? तुझी पाठ? सगळं लिही, रागावून लिहिलंस तरी चालेल.

आता कामं. नोव्हेंबरात बाबांच्या पेन्शनसाठी आईचा हयातीचा दाखला द्यायचाय. बँकेत जाऊन विचार, ती इथं असताना तो कसा द्यायचा आणि कुठला कागद लागतो ते. आत्ताच विचार, ऐनवेळी धावपळ नको. आई म्हणते, राहते इथं असं इथल्यांनी लिहून दिलं, जिवंत आहे असं तिथल्यांना सांगायचं. रेशनकार्डावरचं नाव कमी करायला कुणी आलं तर करू देऊ नकोस, तिनं तीनदा बजावलंय. दारावरची बाबांची पाटी तशीच राहू दे. किल्ली तुझ्याकडंच. पावसाळा लागलाय, मागच्या खोलीची कौलं एकदा बघून घे.

आणि रविवारी फोन कर. तुझ्या दुपारच्या दोनला, इथं साडेपाच होतात, ती बांधावरून परत आलेली असते. मी फोन तिच्या कानाला लावीन. तू तिला काकींसारखी हाक मार.

तुझी,
नंदू