गोळ्या आहेत, बोलायला माणूस नाही

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स.न.वि.वि.

साहेब, गेल्या मंगळवारी सकाळची पहिली एस.टी. धरून मी आणि आमचे हे तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे यांची नववी बैठक होती. खोलीला कुलूप. खिडकीतून पाहिलं तर आमच्या दोन खुर्च्या असायच्या तिथे सलाईनची खोकी रचलेली. केसपेपर काढणारा मुलगा म्हणाला, "मॅडमचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. गोळ्या मिळतील, बोलायला आता कोणी नाही."

यांनी ते ऐकलं. परतीच्या वाटेवर तोंडातून एक अक्षर काढलं नाही. घरी आले आणि खळ्यातल्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले. गेल्या दिवाळीत पडायचे, अगदी तसेच.

मागच्या १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या कार्यक्रमात, आमच्या भागात व्यासपीठावरून शब्द दिला होता की तालुक्याला कायमचा समुपदेशन कक्ष मिळेल. बचत गटाच्या बाया घेऊन मी तिथे बसले होते. टाळ्या वाजवल्या. महिन्याभरात त्या खोलीची गरज मलाच पडणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

कापूस वेचणीला आला आणि पाऊस लागला. बोंडं काळी पडली, हाती आली ती कवडी. सोसायटीचं कर्ज थकलं. असं आमच्याकडे पुष्कळांचं होतं, पण हे त्यात बुडाले. झोप गेली, जेवण गेलं, पारावर जाणं बंद. आधी भगताकडे नेलं. मग खासगीत सलाईन लावली, ईसीजी काढला, सोनोग्राफी केली. सगळं नॉर्मल निघालं, बिल मात्र भरावं लागलं. कानातलं मोडलं मी त्यासाठी. शेवटी आशाताईंनी त्या खोलीचा पत्ता दिला.

त्या खोलीत काय व्हायचं, ते सांगते. कारण तिथे नुसत्या गप्पा होतात असं समजणारे फार आहेत, आणि मला वाटतं मॅडमच्या कराराची फाईल ज्यांच्या टेबलावर आहे त्यांनाही तसंच वाटत असावं.

मॅडमनी उपदेश केला नाही. "नाना, रातले झोप लागस का?" असं आमच्या अहिराणीत विचारलं आणि गप्प बसल्या. बराच वेळ गेला. मग हे म्हणाले, "माले तोंड दखाडानी लाज वाटस." लग्नाला बावीस वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मग मॅडमनी नऊ प्रश्नांचा कागद काढला. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, मन लागणं कसं होतं, आणि शेवटी मरणाचा विचार येतो का. मी घाबरले. असं विचारलं तर नसलेलं डोक्यात येईल ना! मॅडमनी मला वेगळं बसवून सांगितलं की विचारल्याने तो विचार येत नाही, असेल तर माणूस मोकळा होतो. यांनी त्या प्रश्नाला हो म्हटलं होतं, साहेब.

त्याच दिवशी फवारणीची सगळी औषधं घरातून उचलून जिभाऊंच्या घरी कुलपात गेली. एका कागदावर यांच्याकडूनच लिहून घेतलं: मन बिघडायला लागलं की आधी काय होतं, तेव्हा काय करायचं, कोणाला हाक मारायची, कोणाला फोन लावायचा. तो कागद आजही कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. जिल्ह्याहून महिन्यातून एकदा येणाऱ्या मानसोपचार डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी झोप आली. ते काम डॉक्टरांचं, मानसशास्त्रज्ञ औषध लिहून देत नाहीत. पण झोपेतून उठलेल्या माणसाने दिवसभर करायचं काय, हे गोळी सांगत नाही. ते मॅडमनी ठरवून दिलं. सकाळी बैलांना पाणी यांनीच पाजायचं, मन लागो न लागो. दुसऱ्या आठवड्यात पारापर्यंत जाऊन यायचं. तिसऱ्यात तिथे बसून कोणाशी तरी एक वाक्य बोलायचं. उत्साह आल्यावर काम करू म्हटलं तर तो येतच नाही, आधी काम, मग मन मागून येतं, असं त्या सांगायच्या.

आणि वही. मनात आलेलं लिहायचं आणि त्याला पुरावा काय ते शोधायचं. पौषानंतर गावात एक लगीन निघालं, आम्हाला पत्रिका नाही. यांनी वहीत लिहिलं, कर्जबाजारी झालो म्हणून भाऊबंदांनी नाव कापलं. तीन दिवस तेच. मॅडम म्हणाल्या, विचारून या. विचारायला जाण्याआधीच पत्रिका सापडली, आमच्या सासऱ्यांच्या सदऱ्याच्या खिशात. म्हाताऱ्यांच्या हातात दिलेली, ते विसरले. त्या दिवशी हे कितीतरी महिन्यांनी हसले.

माझ्याशीही त्या बोलायच्या. "मन घट्ट करा" म्हणू नका, ते घट्ट होत असतं तर ते इथे आले नसते, असं म्हणाल्या. मीही रात्र रात्र जागी असायचे, यांचा श्वास ऐकत. कूस बदलली तरी दचकून उठायचे. घरातल्या बाईचा जीव कसा आहे, हे त्या एका माणसाने विचारलं. दुसऱ्या कोणीच नाही.

या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली तर यांनी स्वतः निंबाला झोका बांधला. आठ बैठकांत हे झालं. आणि नवव्या बैठकीला कुलूप.

ही काही आमच्याच घरची जादू नाही. पुतण्याने शोधून दिलं: गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत अशाच सहा ते आठ बैठकींचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापून आला. तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आलेले ६४ टक्के, नेहमीच्या उपचारावर ३९ टक्के. आपल्याच देशाचं आहे हे, परदेशातलं नाही. मग आमच्या तालुक्यात एक खुर्ची का टिकत नाही?

तुमचे अधिकारी म्हणतील, फोन आहे. १४४१६, टेली-मानस, २०२२ पासून. लावला आम्ही. पलीकडचा माणूस भला होता, रात्री दोन वाजता त्याने फोन उचलला, त्याचे उपकार मानते. पण पुढच्या वेळी आवाज दुसरा. पुन्हा पहिल्यापासून कर्ज, कापूस, लाज. जखम रोज नव्याने उघडून दाखवायची का? फोनवाल्याला खिशातली पत्रिका कुठे ठाऊक असणार?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १८ प्रमाणे सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तर १९९६ चा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात शंभर मोठ्या माणसांत दहा-अकरा जण मानसिक आजाराचे निघाले आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेलाच नव्हता. जुनी सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीला. खान्देशात एकही नाही. शेतकऱ्यांना समुपदेशन देणारा प्रेरणा प्रकल्प काढला तो विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांसाठी. त्यांना मिळालं त्याचं दुःख नाही, त्यांना आणखी द्या. पण जळगाव, धुळे, नंदुरबारच्या माणसाचं मन काय दगडाचं आहे? कापूस तोच, बोंडअळी तीच, सोसायटी तीच.

२०२२ मध्ये शेतीवर जगणाऱ्या ४,२४८ लोकांनी एकट्या महाराष्ट्रात आत्महत्या केली. हा तुमच्याच सरकारी नोंदींचा आकडा. शेतकरी मेला की एक लाख मिळतात, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत, तेही समितीने पात्र ठरवलं तर. शेजारच्या गावातली माझी मैत्रीण अपात्र ठरली. सातबारा सासऱ्याच्या नावावर होता. मेलेल्या माणसाचे कागद तपासायला तलाठी येतो, तहसीलदार येतात, कलेक्टरपर्यंत फाईल जाते. तो जिवंत असताना त्याच्यासमोर बसायला एक बाई होती, तिचा करार पुढे न्यायला सही मिळाली नाही. हे मला कोणी समजावून सांगा. सहा-सात वर्षं शिकून आलेली मुलगी, आमची भाषा बोलणारी, तिला कंत्राटावर ठेवायचं आणि कंत्राट संपलं की खोक्यांना जागा करायची. शाळेत शिक्षक कंत्राटी, दवाखान्यात नर्स कंत्राटी, विजेचा वायरमन कंत्राटी. आम्ही ज्याच्या भरवशावर उभे राहतो तो प्रत्येक माणूस अकरा महिन्यांचा. मन सावरायला तेवढे महिने पुरतील की नाही, हे कोण ठरवणार?

मागणं मोठं नाही. आठवड्यातून दोन दिवस, तेच माणूस, दार लागणारी खोली. आमच्याकडे अहिराणी समजणारं. नंदुरबारातल्या धडगाव-अक्कलकुव्याला पावरी, भिली समजणारं. पद कायम करा. आणि ज्यांच्या बैठका अर्ध्यात तुटल्या त्यांना आधी बोलवा. त्यांची नावं त्याच दवाखान्याच्या रजिस्टरात आहेत.

काल मी यांना विचारलं, मॅडमनी शिकवलं होतं तसं, सरळ. "मनात तसं काही येतं का?" बराच वेळ थांबून म्हणाले, "वही संपत आली आहे, दुसरी आणायची का, ते कोणाला विचारू?"

मी वही आणली आहे. येत्या मंगळवारी आम्ही पुन्हा तीच पहिली एस.टी. धरणार आहोत.

आपली,
बोरी नदीकाठची एक कापूसवाली बाई
जि. जळगाव