पडद्यावरचा ‘करंट’ आणि वॉर्डातला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मनोरुग्णालयात घडणाऱ्या नव्या भयपटाचं परीक्षण आलं. शॉक देण्याचा प्रसंग ‘अंगावर काटा आणतो’ म्हणून परीक्षकांनी वाखाणला आहे. मी मनोविकार विभागात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. चित्रपट पाहून आले आणि त्या प्रसंगाबद्दल लिहिल्याशिवाय राहवेना.

पूर्वार्ध चांगला आहे, हे आधी सांगते. नायिकेचा स्वतःच्या कानांवर विश्वास उरत नाही. आईने वाढलेलं ताट ती हुंगून बाजूला सारते. हे अगदी खरं आहे. जेवणात विष कालवलंय अशी खात्री पटलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यादेखत आधी आपण एक घास खायचा, मग कुठे त्यांचा हात पुढे येतो.

मध्यंतरानंतर मात्र तीच मुलगी शुद्धीत असताना पट्ट्यांनी बांधली जाते, डॉक्टर शिक्षा म्हणून बटण दाबतो आणि ती किंचाळत राहते. कथा आजची आहे, आपल्या देशातली आहे. आज भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बिनभुलीच्या शॉकवर बंदी आहे आणि तो मे २०१८ पासून लागू आहे. रुग्णाला साखळीने बांधणं, एकट्याला कोंडून ठेवणं, यांनाही त्यात मनाई आहे.

प्रत्यक्षात काय होतं? रुग्ण रात्रीपासून उपाशी असतो. कवळी काढायची, नखांचं पॉलिश पुसायचं, कारण बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लागते. भूलतज्ज्ञ शिरेतून औषध देतात, माणूस झोपतो. जीभ चावली जाऊ नये म्हणून दातांमध्ये गॅग, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. करंटमुळे येणारा आकडीचा झटका बहुधा मिनिटभराच्या आत संपतो, तोही पायाच्या बोटांच्या हालचालीवरून किंवा यंत्रावरच्या रेघांवरून ओळखायचा. किंचाळी नसते. जागं झाल्यावर डोकं दुखतं, थोडा वेळ गोंधळायला होतं. काहींच्या अलीकडच्या आठवणी पुसट होतात, आणि हे संमती घेतानाच सांगायचं असतं. अन्नपाणी सोडून भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई काही शॉकनंतर उठून स्वतःची वेणी घालताना मी पाहिली आहे. असा प्रसंग पडद्यावर कधीच का येत नाही?

चित्रपटवाल्यांची भीती हवेतून आलेली नाही, हे मान्य. १९३८ साली रोममध्ये हा उपचार सुरू झाला तेव्हा भूल देत नसत, हाडंही मोडत. आपल्याकडे बिनभुलीचा शॉक फार वर्षं चालला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या १९९९ च्या अहवालात मनोरुग्णालयांची जी अवस्था नोंदली आहे, ती वाचवत नाही. त्यावर कुणी चित्रपट काढावाच, पण काळ तेव्हाचा दाखवावा.

माझा जीव तुटतो तो घरच्यांसाठी. मराठी असोत की गुजराती, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “सिस्टर, करंट तर देणार नाही ना?” आजाराचं नावही नंतर विचारत. या धास्तीने माणसं दवाखाना टाळतात आणि रुग्णाला भलतीकडे नेतात. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि २८ मनोरुग्ण गेले, कारण साखळ्यांमुळे त्यांना पळता आलं नाही. ते रुग्णालय नव्हतं. दर्ग्याच्या आश्रयाने चालवलेलं खाजगी आश्रयस्थान होतं. उलट आपल्याच गुजरातेत, मेहसाणा जिल्ह्यात उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात, दुवा मागायला आलेल्यांना तिथल्या तिथे मनोविकारतज्ज्ञ भेटतील अशी सोय झाली. श्रद्धा न दुखवता औषध सुरू करता येतं, हे तिथे दिसलं. भयपटाला यातून कथा सुचायला हरकत नाही.

परीक्षकांना विनंती आहे: अशा प्रसंगाच्या अभिनयाबद्दल जरूर लिहा, पण आज असा शॉक देणं बेकायदा आहे, हे एक वाक्य सोबत असू द्या. आणि परीक्षणाखाली ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक छापावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
दांडिया बाजार, बडोदे