यंदा गड्ड्याला येणार नाही

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर तीनदा सांगायला गेले आणि तिन्ही वेळा आईने जेवणाचा विषय काढल्यामुळे राहून गेले, म्हणून लिहीत आहे. यंदा मी आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला, गड्ड्याला, येऊ शकणार नाही. नव्या नोकरीतल्या मोजक्या रजांपैकी शेवटच्या तीन मी डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवासाठी घेतल्या, आणि तुम्हाला न विचारता घेतल्या. गड्डा काय दरवर्षी येतो, असे म्हणावे तर सवाईही दरवर्षीच येतो, त्यामुळे ती सबब टिकत नाही. खरे कारण बाबाच आहेत. घरातले दिवे गेले की सवाईची रमणबागेतली ती रात्र सांगायला सुरुवात व्हायची, आणि पहाटेची तोडी ऐकून तुम्ही तसेच स्टेशन गाठले इथपर्यंत गोष्ट येईतो मी झोपलेली असायचे. त्या गोष्टीचा शेवट मला जागेपणी ऐकायचा होता.

बाबा, महोत्सव आता रमणबागेत होत नाही, मुकुंदनगरला होतो. भीमसेनजींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेला हा उत्सव, 2011 मध्ये ते गेल्यानंतर, दोघांच्याही नावाने ओळखला जातो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण रात्रभराची मैफल मात्र राहिलेली नाही. ध्वनिक्षेपकाच्या नियमामुळे रात्री दहाला गाणे आटोपते, शनिवारी तेवढी बारापर्यंत सवलत असते. म्हणजे तुमची तोडी मला तिच्या वेळेला मिळालीच नाही. त्याऐवजी जे मिळाले ते तुम्हाला रमणबागेतल्या मध्यरात्री मिळाले नसावे: मांडवाच्या कापडातून उतरते पिवळे ऊन आणि त्या उन्हातला मुलतानी राग. आईने सांजवात लावण्याआधी घर थोडा वेळ गप्प व्हायचे, तसे ते गाणे होते.

एक गोष्ट मात्र अगदी जवळून पाहिली. एका तरुण गायिकेच्या मागे बसलेल्या मुलीचा तंबोरा मनासारखा बोलेना. गायिकेने गाणे सुरू न करता मागे वळून, घोडीवर तारेखाली असतो तो जवारीचा दोरा नखाने केसभर सरकवला, तार छेडली, पुन्हा सरकवला, आणि एकदम तो षड्ज असा गुंजू लागला की माझ्या शेजारच्या आजोबांनी चहाचा पेला तोंडाशी नेलेला तसाच खाली ठेवला. गाण्याला अजून सुरुवातही झाली नव्हती! त्याच आजोबांनी नंतर सांगितले की मिरजेच्या तंबोऱ्यांचे भोपळे आपल्या पंढरपूरकडून येतात. मला इतका अभिमान वाटला की जणू ते मीच पिकवले होते.

आई, आता तुझ्यासाठी. मी खुर्चीचे नव्हे, भारतीय बैठकीचे तिकीट काढले होते, कारण ते स्वस्त असते; पण जमिनीचा गारवा अजिबात लागला नाही, तुझी चादर दुहेरी घालून बसले होते. त्या चादरीवर कॉफी सांडली, हे कबूल करते. डाग बराचसा गेला आहे. उपाशीही राहिले नाही. तू पाठवलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी डब्यात होती, आणि ती एवढ्या जणांनी चाखली की चौथ्या दिवशी मला स्वतःला विकत घेऊन खावे लागले. परतताना खोलीवरची मैत्रीण रोज सोबत होती, त्यामुळे रात्री एकटी कशी आलीस, असे विचारू नकोस.

शेवटच्या रात्री सांगतेला सवाई गंधर्वांचे जुने ध्वनिमुद्रण लावले. मंचावर गाणारे कोणी नाही, तरी आमच्या आसपासचे कोणी उठले नाही. आवाजात खरखर होती, आपल्या स्वयंपाकघरातल्या रेडिओसारखी. मी सात वर्षांची असताना तापात आईच्या मांडीवर पडून तोच तसला आवाज ऐकला होता, आणि बाबा ‘हळू लाव, तिला झोपू दे’ म्हणाले होते. मांडवात मला फार रडू आले. बाबा, तुम्ही शेजारी हवे होतात. पुढच्या वर्षी तुम्हा दोघांची खुर्चीची तिकिटे मीच काढणार आहे, गुडघ्यांची सबब चालणार नाही.

आता काही गोष्टी निमूटपणे ऐकायच्या. तैलाभिषेकाच्या दिवशी मिरवणुकीतल्या नंदीध्वजांसोबत शहरातल्या अडुसष्ट लिंगांची फेरी बाबांनी पायी करायची नाही. अक्षतेला, म्हणजे सिद्धेश्वराच्या लग्नसोहळ्याला, सम्मती कट्ट्यापर्यंत रिक्षाने जायचे आणि आईचा हात सोडायचा नाही. आईने साखरेची गोळी चुकवून यात्रेतली जिलबी खायची नाही. आणि बाबा, कानातले यंत्र डबीत ठेवण्यासाठी घेतलेले नाही. मी नाही म्हणून अक्षतेला जायचेच नाही, असा राग मात्र धरू नका. मला खांद्यावर बसवून तिथे नेणारे तुम्हीच, माझ्या वाटच्या अक्षता यंदा तुम्हीच टाका. ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ सुरू झाले की फोन लावून हात उंच धरा. मी कार्यालयातून गच्चीवर जाऊन उभी राहीन.

तुमची,
धाकटी