वंशावळीचे कागद शेवटी कुणाच्या कामी आले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

न्यूयॉर्कमधल्या वंशपरंपरागत संस्थांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. करमणूक झाली. खापरपणजोबांच्या पुण्याईवर मिळणारे सभासदत्व, गळ्यात मिरवायची पदके, डिसेंबरात संत निकोलसच्या नावाने झडणारी मेजवानी, या सगळ्याची टिंगल करायला फारसे कष्ट पडत नाहीत. मी न्यू जर्सीत राहतो आणि या संस्थांच्या यादीत माझे नाव कधी लागणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. तरीही ‘रिकामटेकड्या श्रीमंतांची हौस’ एवढा शेरा मारून लेखकाने विषय आटोपला, ते पटले नाही.

न्यूयॉर्क मुळात डचांची वसाहत. तिची आठवण जपणारी सेंट निकोलस सोसायटी १८३५ मध्ये काढली ती लेखक वॉशिंग्टन आयर्विंगने, आणि हा गृहस्थ डच नव्हताच. बाप स्कॉटिश, आई इंग्लिश. उलट १८०९ साली त्यानेच डिड्रिक निकरबॉकर नावाचा एक म्हातारा कल्पून शहराच्या डच पूर्वजांची यथेच्छ चेष्टा करणारा ‘इतिहास’ लिहिला होता. (इथली मराठी पोरे ‘निक्स’चे टी-शर्ट घालून हिंडतात, त्या बास्केटबॉल संघाचे नाव याच म्हाताऱ्यावरून आले.) शेजारच्या न्यू इंग्लंड प्रांतातून आलेल्या व्यापाऱ्यांनी तोवर शहर काबीज केले होते, त्यांची स्वतःची संस्थाही होती. मग जुन्या घराण्यांना आपलीही एक असावीशी वाटली. अट डच रक्ताची नव्हती. पूर्वज १७८५ च्या आधीपासून न्यूयॉर्कचा रहिवासी असला म्हणजे झाले. सोसायटी निघाली त्याच वर्षी, १८३५ च्या डिसेंबरात लागलेल्या आगीत खालच्या मॅनहॅटनमधल्या शेकडो इमारती जळाल्या. १७७६ च्या आगीतून जे काही डच वाचले होते, तेही गेले. आज तिथे न्यू ॲमस्टरडॅमच्या, म्हणजे डच अमलातल्या न्यूयॉर्कच्या, काळातले एकही घर उभे नाही. रस्त्यांची वळणे तेवढी राहिली, आणि १६५३ मध्ये बांधलेल्या तटाचे नाव वॉल स्ट्रीटला चिकटून राहिले.

बाकी राहिले ते कागद, आणि लेखात नेमका त्यांचाच उल्लेख नाही. १८८५ मध्ये निघालेल्या हॉलंड सोसायटीचा मूळ नियम आणखी कडक होता: पूर्वज १६७५ पर्यंत या डच वसाहतीत आलेला हवा आणि वंश बापाकडूनच चालत आलेला हवा. लेकीच्या बाजूने आलेला चालत नसे. आता असा नियम केला की पुरावा आला, आणि पुरावा म्हटले की चर्चची बाप्तिस्म्याची आणि लग्नांची दप्तरे आली. माझ्या घरापासून फार लांब नसलेल्या हॅकेनसॅकच्या डच चर्चची दप्तरे या सोसायटीने १८९१ मध्येच छापून काढली. हेतू अगदी स्वार्थी होता, यात शंका नाही.

पण पुढे काय झाले ते पाहा. वसाहतीचा डच भाषेतला सरकारी पत्रव्यवहार न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीच्या राज्य ग्रंथालयात पडून होता. १९११ मध्ये त्या इमारतीला आग लागली. डच कागद खालच्या फळ्यांवर होते, म्हणून कडा करपून का होईना, बरेचसे वाचले. सतराव्या शतकातली ती डच लिपी वाचणारा माणूस मिळणेही दुर्मीळ. अखेर १९७४ मध्ये राज्य ग्रंथालय आणि हॉलंड सोसायटी यांच्या आश्रयाने चार्ल्स गेहरिंग यांनी भाषांतर हाती घेतले. सुमारे १२,००० पाने, म्हणजे एका माणसाचा अख्खा जन्म खाणारे काम.

आणि त्या काळच्या कागदांत कोण भेटते? पॉलो अंगोला, सिमोन काँगो, अँथनी पोर्तुगीज. ही वसाहत चालवणाऱ्या डच वेस्ट इंडिया कंपनीचे गुलाम. अठरा-एकोणीस वर्षे राबल्यावर १६४४ मध्ये अशा अकरा जणांना बायकांसह सोडण्यात आले, पण प्रत्येकाने दरवर्षी कंपनीला धान्य आणि एक पोसलेला डुक्कर द्यायचा, आणि त्यांची मुले, जन्मलेली आणि जन्मायची, कंपनीचीच राहतील, ही अट घालून. न जन्मलेल्या मुलाची गुलामी लिहून ठेवणारे ते वाक्य वाचले की मेजवान्यांतल्या पदकांवर हसायचे राहून जाते. ज्या संस्थेच्या दारात या माणसांच्या वंशजांना जागा नव्हती, तिच्याच मदतीने त्या काळची दप्तरे आज कुणालाही वाचता येतात.

याचा अर्थ त्या संस्थांची आरती ओवाळावी असा नाही. १९९१ मध्ये मॅनहॅटनमध्ये सरकारी इमारतीचा पाया खणताना आफ्रिकन लोकांची जुनी दफनभूमी सापडली, ४१९ सांगाडे निघाले. शहरातले कृष्णवर्णीय लोक रस्त्यावर उतरले तेव्हा खोदकाम थांबले. ते अवशेष सन्मानाने पुन्हा पुरायला २००३ साल उजाडले. उलट ब्रुकलिनमधले १६५२ च्या सुमाराचे वायकॉफ घर तेवढे वाचले, कारण वायकॉफ कुटुंबाच्या वंशजांची संघटना होती. त्यांनी ते १९६१ मध्ये विकत घेतले आणि पुढे शहराला देऊन टाकले. तो मूळ पुरुष पीटर क्लासेन १६३७ मध्ये करारबद्ध नोकर म्हणून आला होता, पण त्याचे वंशज पुढे संघटना काढू शकले. पॉलो अंगोलाच्या वंशजांना ती सोय नव्हती.

हे सगळे लिहायचे कारण आपल्या कुलवृत्तांतांचे आहे. आपल्याकडच्या कुलमंडळांची संमेलने होतात, जाडजूड ग्रंथ निघतात, त्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे पुरुष नोंदलेले असतात आणि लेकी बहुतेक वेळा लग्नापर्यंतच. हॉलंड सोसायटीला हसताना निदान एवढे आठवावे. पण त्याच घराण्यांच्या माळ्यांवर वतनाची, सावकारीची, घरखर्चाची मोडी दप्तरे अजूनही असतात. त्यांत बलुतेदारांची नावे आहेत, महारकीची कामे आहेत, पेशवाईतल्या कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदीविक्रीचे आकडेही असू शकतात. ही नावे कुठल्याही कुलवृत्तांतात येणार नाहीत, आणि ती ज्यांची, त्यांच्याकडे स्वतःची दप्तरे नाहीत. १९१० पासून पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ असे कागद जपते आहे, मोडी वाचणारेही अजून आहेत.

तेव्हा कुलमंडळांना आपल्या पत्राद्वारे विनंती: पुढची आवृत्ती छापण्याआधी माळ्यावरच्या रुमालांत बांधलेल्या कागदांचे स्कॅन करून त्यांची एक प्रत अशा संस्थेला द्यावी. घराण्याला कमीपणा आणणारे कागद निवडून बाजूला काढू नयेत. आणि आपल्या लेखकाने जमल्यास यावर एक लेख लिहावा, हसण्याजोगे त्यातही पुष्कळ सापडेल.

आपला,
एक वाचक, न्यू जर्सी